रुमालाखालचा आकडा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून माझी मुलगी माझ्याशी थेट बोलत नव्हती. भांडण नव्हतं. तिला काही हवं असलं की ती आजीला सांगायची आणि आजी मला सांगायची. आम्ही तिघी एकाच स्वयंपाकघरात असलो तरी हाच क्रम असायचा.

"त्रिशला म्हणती, उद्या शाळेत चार्ट पेपर न्यायचाय."

"तिला सांगा, कपाटावर आहे."

आजीनं पुढं सांगेपर्यंत त्रिशला कपाटापर्यंत पोचलेली असायची. पण तिनं माझं ऐकलं असं धरलं जायचं नाही.

माझे सासरे रामगोंडा, ज्यांना घरात आणि बाजारात सगळे आप्पा म्हणतात, चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते होते. शेतकऱ्याचा माल, व्यापाऱ्याची खरेदी, मध्ये आप्पा. आता दुकान माझे पती भरतेश बघतात. एकदा जेवताना आप्पा म्हणाले, "मी अडत सोडली आनि हिनं घरात सुरू केली." आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांच्या ताटात भाकरी जरा जोरात टाकली. हसलं कुणी नाही.

कारण सगळ्यांना माहीत होतं. मार्चमधल्या एका संध्याकाळी त्रिशलानं मला शाळेच्या प्रकल्पाबद्दल तिसऱ्यांदा काहीतरी विचारलं आणि मी हातातला स्टीलचा डबा फेकला. तिच्यावर फेकला नव्हता. तो भिंतीवर आपटला, वळला आणि त्याची कड तिच्या डाव्या भुवईला लागली. तीन टाके पडले. डबा कुठल्या दिशेनं फेकला होता यानं टाक्यांच्या संख्येत फरक पडत नाही. त्रिशला दहा वर्षांची आहे.

त्याआधी कप फुटले होते, एक मोबाइल फुटला होता. मी एका खासगी प्रयोगशाळेत हळदीचे नमुने तपासते. ओलावा, कुरकुमीन, भेसळीचा रंग. तिथं माझा हात कधी हलत नाही. घरी मात्र कधी कधी छातीतून काहीतरी वर चढतं आणि पुढची दोन मिनिटं माझी नसतात. ती संपली की मी रडायचे आणि घरातल्या प्रत्येकाची माफी मागत फिरायचे. त्रिशलाची माफी मी इतक्या वेळा मागितली होती की मी तोंड उघडलं की ती आधीच "हं" म्हणायची. टाके पडल्यावर तिनं "हं" म्हणणंही बंद केलं.

टाके काढायला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीबद्दल सांगितलं. भावना हाताबाहेर जातात अशा माणसांना त्या आवरायची कौशल्यं शिकवतात, पाढे शिकवतात तशी, एकेक करून. साताऱ्यात दर शनिवारी एक गट भरतो. सांगलीतही कुणी शिकवत असेल. मी शोधलं नाही. सांगलीत आप्पांना ओळखणारा माणूस दर दुसऱ्या चौकात भेटतो. मी एप्रिलच्या अखेरीपासून सकाळच्या एसटीनं साताऱ्याला जायला लागले. तीन तास जायला, तीन यायला.

गटात आम्ही सात जण होतो. शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडम माझ्याहून लहान होत्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या की दोन उलट्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुम्ही आत्ता जेवढं जमतंय तेवढं करताय, आणि तुम्हाला याहून जास्त करावं लागणार आहे.

"फौजेत बी हेच की," माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले. "सायब म्हणायचं, लालासाब, तू लय चांगला जवान हायस. आनि आता परत पळ."

ते लालासाहेब, माण तालुक्यातले, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी स्वतःच्या भावाच्या ट्रॅक्टरची काच फोडली होती. कार्ड कसं भरायचं ते मॅडमना त्यांना एकदाच सांगावं लागलं. कार्डावर रोजची एक ओळ होती: राग, लाज, दुःख यांना शून्य ते पाच आकडा द्यायचा आणि त्या दिवशी कुठलं कौशल्य वापरलं ते लिहायचं. "ड्युटी रजिस्टर हाय हे," ते म्हणाले आणि खिशातून स्वतःचं पेन काढलं.

मला कार्ड लगेच आवडलं. आकडे भरायची सवय होती. दुसऱ्या आठवड्यात शिकवलं ते मात्र घरी अडलं. भावना चारवर गेली की चेहरा बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, श्वास रोखून तीस सेकंद. नाडी खाली येते. पण आमच्या घरी बर्फ करत नाहीत. जैन घरांत बर्फ वर्ज्य मानतात, पाणीही गाळूनच वापरतात, आणि आत्ती ते पाळतात. मी माठाचं पाणी पातेल्यात घेऊन, मागच्या मोरीत करून पाहिलं. आधी नाडी एकशे बारा होती, नंतर ब्याण्णव. बर्फाइतकं नसेल, पण चालण्यासारखं होतं. मी ओल्या तोंडानं मनगट धरून उभी होते तेव्हा आत्ती दारात आल्या.

"गाळल्यालं हाय न्हवं पाणी?"

"आहे."

"मग बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

कार्ड मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. मे महिन्यात एकदा आत्ती म्हणाल्या, "त्रिशला विचारती, त्या कागदावरचं आकडं कसलं हायत?"

त्रिशला मागं उभी होती. मी आत्तींकडे बघत म्हटलं, "तिला सांगा, आईला राग किती आहे त्याचे. शून्य म्हणजे नाही. पाच म्हणजे सगळ्यात जास्त."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून येऊन चप्पल काढत होते. "त्रिशला विचारती, आज किती?"

"तीन."

त्रिशलानं वह्या उचलल्या आणि ती माडीवर गेली. त्यानंतर ती रोज विचारायची. शून्य किंवा एक असला की खाली बसायची, दोन असला तर आप्पांजवळ, तीनला माडीवर. तिच्या जागी मी असते तर असंच केलं असतं. तरीही रोज दारात उभं राहून, आपल्याच मुलीला आपल्यापासून किती लांब बसायचं ते सांगायचं, याची मला सवय झाली नाही.

जूनमधल्या एका संध्याकाळी मी आले तेव्हा ती ओट्याशेजारी स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. मार्चनंतर पहिल्यांदा ती माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती. आत्तींनी विचारलं. खरा आकडा चार होता.

"एक," मी म्हटलं.

पंधरा मिनिटांनी तिच्या हातून वाटी पडली आणि दाणे फरशीवर पांगले. मी पोळपाट ओट्यावर इतक्या जोरात आपटला की त्याचे दोन तुकडे झाले. कुणाला लागलं नाही. त्रिशला ओरडली नाही. तिनं फक्त डाव्या भुवईवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आकडा विचारणं बंद केलं. मी घरात असले की ती माडीवरच असायची.

आमच्या कामात एक साधी गोष्ट आहे. एखादं यंत्र नेहमीच दोनानं जास्त दाखवत असेल तर चालतं, तेवढे वजा करता येतात. कधी खरं आणि कधी खोटं दाखवणारं यंत्र मात्र काढून टाकतात. त्रिशलानं तेच केलं होतं.

त्या शनिवारी राजेश्वरी मॅडमनी माझी संध्याकाळ फळ्यावर घेतली. याला साखळी काढणं म्हणतात. पोळपाट फुटला ही शेवटची कडी. तिथून एकेक कडी मागं जायचं. पडलेली वाटी. खोटा आकडा. बसमधली गर्दी. दुपारी पुन्हा करावी लागलेली एक चाचणी. मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "अजून मागं काही?"

"आवं ताई," लालासाहेब म्हणाले, "जेवला कवा व्हता तुमी?"

"त्या दिवशी उपवास होता."

"मंजे खिचडी-बिचडी?"

"आमच्यात तसं नसतं. काहीच नाही."

"पानी?"

"नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आमच्या युनिटात कोन बिथरला की पैला सवाल हाच. खाना खाया क्या? बाकी चौकशी मागनं."

उपवासामागं इतिहास होता. दोन वर्षांपूर्वी मी पहिला कप फोडला तेव्हा आत्ती जवळ बसून म्हणाल्या होत्या की राग हा कषाय आहे, आत्म्याला चिकटतो, त्याला उपवासानं पातळ करायचं. अष्टमी-चतुर्दशीला एकासन धर, दिवसातून एकदाच जेव. त्या स्वतः तीस वर्षं धरत होत्या, आणि त्यांना ओरडताना मी कधी ऐकलेलं नाही. मी धरू लागले. टाके पडल्यावर प्रायश्चित्त म्हणून एकासनाच्या जागी पूर्ण उपवास धरू लागले, पाण्याशिवाय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर मी नऊ आठवड्यांची कार्डं तिथीच्या कॅलेंडरशेजारी मांडली. चार किंवा पाच आकडा नऊ वेळा आला होता. त्यातले सात दिवस अष्टमीचे किंवा चतुर्दशीचे होते. मधली अंतरं सहा, नऊ, सहा, आठ अशी. मी मार्चचं पान उलटलं. डबा फेकला तो दिवस चतुर्दशीचा होता. उरलेल्या दोन दिवसांचं कारण सापडलं नाही. ते मी तसेच ठेवले.

पुढच्या शनिवारी मॅडमना दाखवलं. त्यांनी सगळं नीट पाहिलं. "ही एक कडी आहे," त्या म्हणाल्या. "अख्खी साखळी नाही. पोळपाट उपवासानं फोडला नाही, चंदनाताई. तुम्ही फोडला."

"हो."

"आता सासूबाईंशी बोलायचं कौशल्य काढू."

त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. घडलं ते सांगायचं, आपल्याला काय वाटतं ते सांगायचं, हवं ते स्पष्ट मागायचं. आणि मागणी चुकीची नसेल तर माफी मागायची नाही. मी चार ओळी कागदावर लिहून पाठ केल्या. आत्ती तांदूळ निवडत होत्या.

"आत्ती, नऊ वेळा माझा राग हाताबाहेर गेला, त्यातल्या सात वेळा उपवास होता. मला त्या दिवसांची भीती वाटते. मी यापुढं अष्टमी-चतुर्दशी धरणार नाही. तुमची संमती असली तर मला बरं वाटेल."

त्यांचा हात थांबला. "मंजे मी सांगितल्यानं झालं म्हणतीस."

'माफ करा' हे शब्द जिभेवर आले होते. मी ते तिथंच ठेवले. "तुम्ही माझ्या भल्यासाठी सांगितलं. आणि मला ते लागू पडलं नाही. दोन्ही खरं आहे."

"मला तर उपास केला की लय हलकं वाटतं गं."

"मी बघितलंय ते."

त्यांनी पुन्हा दोन-चार खडे वेचले. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "बघू दे ते कागद." चष्मा लावून, एका हाताचं बोट कार्डावर आणि दुसऱ्याचं कॅलेंडरवर ठेवून त्यांनी नऊही तारखा ताडून पाहिल्या. आठवी तारीख, पोळपाटाची, दोनदा पाहिली. 

त्यानंतरच्या अष्टमीला संध्याकाळी पाचला भरतेश प्रयोगशाळेत आले. त्यांच्या हातात डबा होता. "आईनं दिलाय. सूर्य मावळायच्या आत खा म्हणाली." आत भाकरी आणि मुगाची उसळ होती. डब्याच्या कडेला पोचा होता. घरात दुसरे डबे आहेत.

जुलैमध्ये पाच एकदाही आला नाही. चार तीनदा आला. दोनदा मी माडीच्या जिन्यातून दिसणाऱ्या मोरीत गेले, एकदा गल्लीत चक्कर मारून आले. कार्ड सुधारलं होतं, पण ते वाचणारं कुणी नव्हतं. "ती विचारतच न्हाई, मी काय करू?" आत्ती म्हणाल्या. भरतेश म्हणाले, थोडा वेळ दे. मी दिला. त्रिशला माडीवरच राहिली.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी पोळ्या लाटत होते, नव्या पोळपाटावर. बाहेर कट्ट्यावर आप्पा आणि त्रिशला बसले होते. आप्पांचा खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर पसरलेला होता.

"आता किती?"

"तीन बोटं. तीन."

"शाबास. आनि ही मूठ?"

"शून्य."

"आमच्या येळंला भाव वरडून सांगत नव्हते," आप्पा म्हणाले. "रुमाल टाकायचा, खाली बोटं दाबायची. भोवती पन्नास माणसं असू देत, कुनाला पत्ता लागायचा न्हाई."

"आणि कुणी खोटंच दाबलं तर?"

"वर तोंडानं काय बी बोल, बाजार हाय. रुमालाखाली खोटं न्हाई. एकदा दाबलंस की परत तुज्यासंगं कोन हात घालत न्हाई."

त्रिशलानं रुमालाची कड सरळ केली. मग म्हणाली, "कधीच?"

 खिडकीतून मला आप्पांची फक्त पाठ दिसत होती. "ते ज्याच्या त्याच्यावर हाय," ते म्हणाले.

माझी पोळी तव्यावर करपली.

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झालं. दहा दिवस देवळात गर्दी असते, घरोघरी उपवास असतात. मी दोन्ही वेळ जेवत होते, सूर्यास्ताच्या आत. आठव्या दिवशी दुपारी आत्तींची थोरली बहीण समडोळीहून आली, सोबत दोन-तीन बायका. मी प्रयोगशाळेतून लवकर आले होते. मावशींना मी वाकून नमस्कार केला.

"सुनंचा कितवा उपास?"

"ती धरत न्हाई औंदा," आत्ती म्हणाल्या. "डाक्टरनी सांगितलंय."

"आमची सून पूजा बघ. आठवा दिवस, नोकरी करून. तोंडावर तेज आलंय पोरीच्या." मावशी माझ्याकडं वळल्या. "तुझं काय दुखतंय गं?"

"दुखत काही नाही, मावशी."

"मग? रागाला काय डाक्टर असतोय व्हय?"

एका बाईनं हसू दाबलं. मी तांब्या-भांडं घेऊन उभी होते. आकडा सकाळपासून एक होता. आता तो दोन झाला, आणि मला तो होताना कळला. हेही शिकण्याचाच भाग आहे.

पाहुण्या आल्या म्हणून खाली आलेल्या त्रिशलाला मावशींनी जवळ ओढलं आणि तिची हनुवटी वर केली. "रेघ ऱ्हायलीच की गं. पोरीची जात. आईनंच अशी खूण करून ठिवली."

आत्ती म्हणाल्या, "आक्का, पुरं."  आकडा चार झाला. मला कारण दिसत होतं, पण आकडा खाली आणता येत नव्हता. मोरी दहा पावलांवर होती आणि मध्ये चार बायका बसल्या होत्या. भांडं फेकलं तर ते कुठल्या भिंतीला लागेल हे मी पाहिलं होतं.

त्रिशलानं मावशींच्या हातातून हनुवटी सोडवून घेतली. ती कोपऱ्यात बसलेल्या आप्पांच्या खुर्चीजवळ गेली आणि त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला. आप्पा वर्तमानपत्र वाचत राहिले. ती माझ्याजवळ आली, भांडं माझ्या हातातून काढून खाली ठेवलं आणि माझ्या हातावर रुमाल टाकला. खाली तिचा तळवा उघडा होता. लहान, थोडा ओलसर.

मी एकच बोट दाबलं असतं तर ती माझ्याशेजारी बसून राहिली असती. बायका निघून जाईपर्यंत मी कशीबशी तग धरली असती, कदाचित. चार दाबले तर ती माडीवर जाणार होती, सगळ्यांच्या देखत, आणि मावशींना हवं ते दिसणार होतं. मला ती शेजारी हवी होती. सहा महिन्यांत मला दुसरं काही इतकं हवं नव्हतं.

मी चार बोटं दाबली.

तिनं ती मोजली. एकेक बोट तिनं अंगठ्यानं चाचपून पाहिलं, आप्पांनी शिकवलं असणार तसं. मग पुन्हा एकदा मोजली. तिचा हात मागं गेला नाही.

"आई," ती म्हणाली, "चल."

"कुठं चालल्या गं मायलेकी?" मावशींनी विचारलं.

"काम आहे," त्रिशला म्हणाली.

मागच्या मोरीत तिनं माठातून तांब्या-तांब्यानं पातेलं भरलं. "गाळलेलं आहे," ती म्हणाली. मी वाकले, श्वास घेतला आणि चेहरा पाण्यात बुडवला. पाण्यातून तिचा मोजण्याचा आवाज जाड होऊन येत होता. तिचे सेकंद खऱ्या सेकंदांपेक्षा मोठे होते. तीस म्हटल्यावर मी वर आले. तिनं तोंड पुसायला रुमाल पुढं केला, मग विचार बदलून तो पुन्हा माझ्या हातावर टाकला. माझ्या चेहऱ्यावरून पाणी त्यावर गळत होतं.

मी तीन बोटं दाबली.

तिनं मान वाकडी करून माझ्याकडं पाहिलं. भुवईवरची रेघ जवळून पातळ दिसत होती.

"नक्की तीन?"

"नक्की."

"मग अजून एकदा बुडव," ती म्हणाली आणि माठाकडं वळली.